नालबंदाच्या नातवाने काय शिकावे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या मोहल्ल्यांत एकच प्रश्न घरोघरी फिरतो. आता पुढे काय? उत्तरेही ठरलेली असतात. मार्क चांगले असतील तर नीटची तयारी, म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस नाही मिळाले तर बीयूएमएस, तेही नाही तर फार्मसी. मार्क कमी असतील तर आयटीआय, आणि आयटीआयनंतर भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत ठेकेदारामार्फत काम. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, दुसरे गेट, तोच पगार.

या दोन उत्तरांच्या मध्ये मोठी मोकळी जागा आहे. तिथे नर्स आहे, लॅब टेक्निशियन आहे, एक्स-रे काढणारा आहे. माणसांच्या दवाखान्यातली ही कामे हळूहळू आपल्या घरांत पोहोचली. पण जनावरांच्या दवाखान्यातही अशीच एक जागा असते आणि तिचे रीतसर शिक्षण असते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. गुरांचा डॉक्टर माहीत असतो. त्याच्या शेजारी उभा राहून बैल धरणारा, सुई भरणारा, जखम धुणारा, शेळीला लस टोचणारा माणूस मात्र आपल्या लेखी ‘कंपाउंडर’, म्हणजे कोणीच नाही.

या माणसाचे शिक्षण आपल्या मुलामुलींनी मनावर घ्यावे, आणि ते पिंपरी-चिंचवडमध्येच मिळावे यासाठी आपण मागणी करावी, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मोटारींच्या गावातली जनावरे

कारखान्यांच्या या पट्ट्यात जनावरे आहेतच कुठे, असे कोणी विचारेल. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात एमआयडीसी आली, १९८२ मध्ये महापालिका झाली. चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आले. बाहेरच्याला इथे फक्त धुराडी आणि टॉवर दिसतात. पण मोशी, चिखली, चऱ्होली ही मुळात गावे आहेत. नव्या सोसायट्यांच्या मागे अजून गोठे आहेत आणि त्या गोठ्यांतले दूध त्याच सोसायट्यांत जाते. चाकणला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बकरी ईदच्या आधी तिथे कोण गर्दी करते, हे आपल्याला सांगायला नको.

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला आणि घाटांवर पुन्हा गर्दी उसळली. जमिनी विकून आलेल्या पैशातून ज्यांनी नांगर सोडला, त्यांनी शर्यतीचा बैल मात्र सोडला नाही. त्या बैलाच्या खुराकावर, खुरांवर आणि पायांवर मालक सढळ हाताने खर्च करतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला वाकड, रावेत, पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये कुत्री-मांजरी आहेत आणि त्यांच्यासाठी खासगी दवाखाने निघाले आहेत. रस्त्यावरची कुत्री वेगळीच. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे हे महापालिकेचे काम आहे आणि २०२३ च्या केंद्रीय नियमांनी ते काम कसे करायचे हेही ठरवून दिले आहे. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय शेजारी औंधला. जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्थाही औंधलाच. म्हणजे ज्यांना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी गाय, बैल, शेळी, कुत्रा, मांजर, लस आणि सरकारी कचेरी हे सगळे एका पीएमपीच्या बसच्या अंतरात आहे. नाही ते फक्त शिकवणारे वर्ग.

हे काम नेमके काय?

अमेरिकेत याला व्हेटरनरी टेक्निशियन म्हणतात. तिथे शहरोशहरी कम्युनिटी कॉलेजे असतात. फी परवडणारी, घराजवळची, नोकरी करत शिकता येतील अशी. तिथे साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची आणि राज्याचा परवाना घ्यायचा. हा टेक्निशियन रक्त काढतो, सलाईन लावतो, एक्स-रे घेतो, भूल दिलेल्या जनावराचा श्वास आणि नाडी बघत बसतो, दात साफ करतो. पण रोगाचे निदान, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया या गोष्टी डॉक्टरच्याच. रेष स्पष्ट आहे. रेषेच्या अलीकडे त्याला मान आहे आणि पलीकडे गेला तर परवाना जातो.

आपल्याकडेही रेष आहे, पण ती एका कलमाच्या परंतुकात दडलेली आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचे कलम ३० सांगते की जनावरांवर उपचार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. त्याच कलमात पुढे सूट आहे. स्टॉकमन, पशुधन पर्यवेक्षक अशा पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला राज्य सरकार आदेश काढून ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ करू देऊ शकते, मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. किरकोळ म्हणजे प्राथमिक उपचार. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, आणि सरकार अधिसूचनेने ठरवील ती इतर कामे.

‘किरकोळ’ हा शब्द कायद्याचा आहे, गोठ्याचा नाही. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचली गेली नाही तर दावणीचे जनावर एका रात्रीत जाते. गाय माजावर आली ते ओळखता आले नाही तर एकवीस दिवस थांबावे लागते, आणि ते एकवीस दिवस दूध न देता चारा खाण्याचे असतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, हा साधा हिशेब ज्याला कळतो तो शेतकऱ्याच्या घरचे उत्पन्न वाचवतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगावी हजारो जनावरांना लस टोचायची होती. कुपी दोन ते आठ अंश तापमानात सांभाळत गोठ्यागोठ्यात फिरणारी फौज एकट्या डॉक्टरांची नव्हती. त्यात पदविकावाले मोठ्या संख्येने होते.

शिक्षणाच्या वाटा

महाराष्ट्रात याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा दर्जा वेगवेगळा आहे. जाहिराती बघून फसायचे नसेल तर हा फरक समजून घ्यावा लागेल.

पहिली वाट पदविकेची. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे माफसूच्या, अखत्यारीत पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची पदविका शिकवणाऱ्या संस्था आहेत. सरकारी आणि जिल्हा परिषदांच्या पशुधन पर्यवेक्षक पदासाठी ही वाट धरावी लागते. २०२३ मध्ये पशुसंवर्धन विभागाने ४४६ पदांची जाहिरात काढली, त्यात ३७६ पदे पशुधन पर्यवेक्षकांची होती. खेड्यातले श्रेणी-२ चे दवाखाने वर्षानुवर्षे अशाच लोकांनी सांभाळले आहेत.

दुसरी वाट कृत्रिम रेतनाची. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये ‘मैत्री’ नावाने ग्रामीण तंत्रज्ञ तयार करतात. तीन महिन्यांचे प्रशिक्षण. एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष कामावर. पुढे पगार नाही, कामाप्रमाणे पैसे. हा माणूस स्वतःचाच धंदा करतो असे समजा. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून गोठ्यापर्यंत जाण्याची ही पद्धत आपल्याच जिल्ह्याला जुनी आहे. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळी कांचनला आलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये तिथेच बाएफची स्थापना केली. त्यांचे तंत्रज्ञ शेतकऱ्याच्या दारात जाऊन संकरित गाईंचे काम करू लागले. शेतकऱ्याने गाय घेऊन दवाखान्यात यावे, ही अपेक्षा त्यांनी उलटी केली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिसरी वाट कौशल्य विकासाच्या छोट्या प्रमाणपत्रांची. पशु आरोग्य कर्मचारी, कृत्रिम रेतन तंत्रज्ञ अशा नावांनी ती मिळतात. सुरुवात म्हणून ती ठीक आहेत. पण सरकारी पर्यवेक्षकाची नोकरी त्यांतून मिळेल किंवा स्वतःचा दवाखाना टाकता येईल, असे कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. तुमची संलग्नता कोणाशी? ही पदविका पशुधन पर्यवेक्षकाच्या भरतीला चालते का? प्रात्यक्षिकासाठी जिवंत जनावरे कुठे आणि किती दिवस? शिकवणाऱ्यांत नोंदणीकृत पशुवैद्यक किती? ही उत्तरे लेखी मिळत नसतील तर पुढचे दार बघा.

या तिन्ही वाटा गाय, म्हैस आणि शेळीकडे जातात. शहरातल्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मुलाकडे मात्र बहुधा कुठलाच कागद नसतो. तो बघून बघून शिकतो. हुशार असेल तर छान शिकतो. पण माणसाला ताप आल्यावर देतो ती पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते, हे त्याला कोणी सांगितले नसेल तर एक दिवस ती गोळी तोच कोणाला तरी फोनवर सुचवून बसेल. मांजर मरेल, डॉक्टरची बदनामी होईल आणि मुलाची नोकरी जाईल. दोष त्या मुलाचा म्हणायचा, की त्याला दोन वर्षे शिकवण्याची सोय न करणाऱ्या व्यवस्थेचा?

आपला आणि जनावरांचा जुना संबंध

आता आपल्या समाजाबद्दल. महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या आडनावांची यादी काढा. नालबंद, गवळी, कुरेशी, मुलाणी. यातली कितीतरी आडनावे थेट जनावरांशी बांधलेली आहेत. नालबंदाचे काम तर अर्धे वैद्याचेच. बैल पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा, आत खडा रुतलाय का, पू झालाय का ते बघायचे, मग पत्री ठोकायची. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. खिळा जरा आत गेला तर बैल लंगडा होतो, म्हणून हाताला खुराच्या भिंतीची जाडी कळावी लागते. अॅनाटॉमीचा हा धडा नालबंदाने कुठल्याही पुस्तकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या शिकवला.

अरबीत जनावरांच्या वैद्याला ‘बैतार’ म्हणतात. जुन्या काळी घोड्याला नाल ठोकणारा आणि घोड्याचा आजार बरा करणारा हे एकाच माणसाचे काम होते आणि त्या माणसाचे हे नाव. तेराव्या शतकातला अंदलुसचा मोठा वनस्पतीशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार याच्या नावाचा अर्थच ‘बैताराचा मुलगा’ असा होतो. त्याने औषधी वनस्पतींवर लिहिलेले ग्रंथ पुढे शतकानुशतके वापरात राहिले. नाल ठोकणाऱ्याच्या घरातून विद्वान निघू शकतो, हे तिथे कोणाला नवल वाटले नसावे. आपल्याकडे मात्र नालबंदाचा मुलगा गॅरेजमध्ये गेला आणि नातू चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला. हातातले ज्ञान दोन पिढ्यांत पुसले गेले, कारण त्याला कागद जोडला गेला नाही.

कुरेशी घरांतही हेच आहे. बकऱ्याचे तोंड उघडून दोन दाती आहे का हे सांगणारा, चाल बघून पायाचा दोष ओळखणारा, डोळ्याची आतली कड पांढरी दिसली की जंत आहेत असे म्हणणारा मुलगा आपल्या ओळखीत असतो. हे तपासणीचेच ज्ञान आहे. त्याला जंतनाशकाची मात्रा, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसीची वेळ, सुईची स्वच्छता एवढे शिकवा. परिसरातल्या शेळीपालकांना असा माणूस हवा आहे. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर होती.

शेळ्या सांभाळतात कोण? बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका. म्हणून या शिक्षणात मुलींची जागा मुलांच्या बरोबरीची आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्या-मेंढ्यांवर मोठे काम केले आणि म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण दिले. माणदेशातली बाई हे करू शकते तर देहूरोडची, कासारवाडीची, खराळवाडीची मुलगी का नाही? शिवाय शहरातल्या दवाखान्यात हे काम छपराखाली, ठरलेल्या वेळेत होते. मुलीला कंपनीच्या रात्रपाळीला पाठवताना ज्या घरात दहा शंका निघतात, तिथे हा पर्याय निदान ऐकून तरी घ्यावा.

कुत्र्याचे काय?

इथे एक शंका हमखास येते, तर तिचेही बोलून घेऊ. कुत्र्याला हात लावायचा? आपल्या फिकहमध्ये कुत्र्याच्या लाळेबद्दल कडक नियम आहेत. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई, आणि शाफईंत हा नियम जास्त कडक. पण तो नियम धुण्याचा आहे, तिरस्काराचा नाही. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस लहान मुलांनाही माहीत असते. त्या माणसाला माफी मिळाली ती कुत्र्यापासून लांब राहिल्यामुळे नव्हे.

दवाखान्यात तर हातमोजे, एप्रन, हात धुणे हे शिस्तीचे भागच आहेत. काम संपल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन नमाजला उभे राहायला कोणाची हरकत असेल, तर त्याने आपल्या मौलानांना विचारावे. पण न विचारताच ‘आपल्यात चालत नाही’ म्हणून पोरीचा अर्ज फाडू नये.

खरी काळजी दुसरीच आहे आणि ती सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी सारखी आहे. हे काम करणाऱ्याने कुत्रा चावण्याची वाट न बघता रेबीजची लस आधीच घेतलेली असावी. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने काढू नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. कालवडींना टोचायची ब्रुसेलाची लसही जिवंत जंतूंची असते. ती टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर आजार होऊ शकतो. न शिकलेला ‘पोऱ्या’ ही जोखीम रोज घेतो आणि आपण जोखीम घेतोय हे त्याला माहीतच नसते. शिक्षणाची गरज जनावरासाठी आहे तशीच ती त्याच्या स्वतःच्या अंगासाठीही आहे.

डॉक्टरांचा आक्षेप

पशुवैद्यकांचा एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साडेपाच वर्षे शिकून आम्ही नोंदणी घेतो, आणि पदविका घेतलेला माणूस गावात ‘डॉक्टर’ बनून मिळेल ते इंजेक्शन ठोकतो, असे ते म्हणतात. हे घडते. चुकीच्या मात्रेत प्रतिजैविक दिले की आज गाय बरी दिसते, पण उद्या तेच औषध तिला लागू पडत नाही. औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध विकायचे नसते, हे न सांगितल्याने ते औषध आपल्या मुलांच्या ग्लासात येते. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर जगाला माहीत आहे. गुरांना दुखण्यावर सर्रास टोचले जाणारे हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशातली गिधाडे संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. एक सुई आभाळातला एक पक्षी संपवू शकते.

पण या आक्षेपाचा निष्कर्ष काय काढायचा? हे लोकच नकोत, असा काढला तर रात्री दोन वाजता अडलेल्या गाईजवळ कोण जाणार? प्रत्येक वाडीत डॉक्टर देणे सरकारला जमलेले नाही आणि साडेपाच वर्षे शिकलेल्या माणसाने फक्त लसी टोचत फिरावे हेही शहाणपणाचे नाही. डॉक्टर कमी आहेत म्हणून न शिकलेला माणूस पुढे येतो. त्याला हटवायचे तर त्याच्या जागी शिकलेला, नोंदलेला, रेष ओळखणारा माणूस उभा करावा लागेल.

माणसांच्या बाबतीत आपण हेच केले. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. फार्मसीचा १९४८ चा. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरेंसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा आला. जनावरांच्या नर्सला मात्र १९८४ च्या कायद्यातल्या एका परंतुकावर दिवस काढावे लागतात. देशात गाईगुरे, म्हशी, शेळ्या, मेंढ्या वगैरे सगळे मिळून ५३ कोटींहून अधिक पशुधन असताना त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे ना स्वतंत्र नोंदणीपुस्तक, ना एकसारखा अभ्यासक्रम. डॉक्टरांच्या संघटनांनी खरे तर हीच मागणी सर्वांत आधी करायला हवी. नोंदणी असेल तर ती रद्दही करता येते. ज्याची नोंदच नाही त्याचे काय रद्द करणार?

भीतीबद्दल

एक गोष्ट बोलताना आवाज खाली जातो, पण ती टाळली तर हा लेख अर्धवट राहील. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. त्यानंतर जनावर आणि मुसलमान हे दोन शब्द एकत्र आले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. कागदपत्रे पुरी असूनही टेम्पो अडवला जाईल ही धास्ती व्यापाऱ्याला असते. मग एखादी अम्मी विचारते, “बेटा, गाईच्या गोठ्यात सुई घेऊन जाणार, आणि उद्या गाय दगावली तर नाव कोणावर येईल?”

या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. उत्तराचा एक भाग कागदाचा आहे. नोंद असलेला, ओळखपत्र असलेला, कोणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो हे लेखी असलेला, काय टोचले ते वहीत लिहिणारा माणूस अफवेपुढे कमी एकटा असतो. म्हणजे नोंदणीची मागणी आपल्या मुलांसाठी पगाराची आहे तशी सुरक्षिततेचीही आहे.

दुसरा भाग अनुभवाचा आहे. या मुलखातल्या शेतकऱ्याने आपल्या बैलाचा पाय पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान नालबंदाच्या मांडीवर दिला. बेंदराला सजवलेला, ज्याच्यापुढे घरची बाई आरती ओवाळते, तोच बैल. त्याने नालबंदाचा धर्म पाहिला नाही असे नाही. त्याला तो माहीत होता, आणि हात चांगला आहे हेही माहीत होते. गोठ्यात अजूनही हातालाच किंमत आहे. गाय अडली की मालक ज्याला फोन करतो त्याचे आडनाव मोबाइलमध्ये जतन केलेले असते आणि तरीही तो फोन करतो.

मात्र आम्हीही जनावरांवर प्रेम करतो हे कोणाला सिद्ध करून दाखवण्यासाठी हे शिक्षण घेऊ नये. असे पुरावे मागणाऱ्याचे समाधान कधी होत नाही. पोटासाठी शिकावे, कामाची आवड असेल तरच शिकावे आणि काम चोख करावे. बाकीचे त्यातून झाले तर झाले.

मागणी काय करायची?

पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीत आहे. कारखान्यांना लागणारे कारागीर तिथे तयार होतात, ते योग्यच आहे. तिथेच किंवा महापालिकेच्या दुसऱ्या इमारतीत दोन वर्षांचा पशुवैद्यकीय सहायकाचा वर्ग सुरू व्हायला हवा. अभ्यासक्रम माफसूने मान्य केलेला असावा. कुत्र्यांचे प्रात्यक्षिक महापालिकेच्या नेहरूनगरच्या केंद्रात, मोठ्या जनावरांचे औंधच्या सरकारी दवाखान्यात, शेळ्या-मेंढ्यांचे चाकणच्या बाजारात. नवी इमारत लागत नाही. लागते ती तीन खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची तयारी. पहिल्या दिवसाचा पहिला तास कलम ३० चा असावा. तुम्ही काय करू शकता आणि काय करू शकत नाही, हे आधी कळले पाहिजे.

आपल्या समाजाच्या संस्थांनाही हे सांगायला हवे. युनानी, फार्मसी, डी.एड. यांच्यासाठी आपल्याकडे पैसे उभे राहिले, इमारती झाल्या. मुंबईत पारशी समाजातल्या दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय उभे केले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच सुरू झाले. एका छोट्या समाजाच्या दानातून साऱ्या राज्याला पशुवैद्यक मिळू लागले. आपल्याकडून महाविद्यालय राहू द्या. दरवर्षी पाच मुलांची आणि पाच मुलींची पदविकेची फी आणि वसतिगृहाचा खर्च उचलणे एखाद्या मोहल्ल्याच्या बैतुलमालला जड नाही. कुर्बानीच्या दिवसांत जनावरावर आपण घरटी किती खर्च करतो ते आठवा, म्हणजे हा आकडा लहान वाटेल.

आणि आई-वडिलांना एवढेच. तुमच्या घरात एखादे पोर असेल ज्याच्या मागे गल्लीतली मांजरे फिरतात, जे चाकणच्या बाजारात बकऱ्याची किंमत बापाआधी सांगते, ज्याला रक्ताची किळस येत नाही आणि दुखणाऱ्या जिवाजवळ बसवते. त्याला नीटमध्ये कमी मार्क पडले म्हणून थेट ठेकेदाराच्या रांगेत उभे करू नका. डॉक्टर आणि हेल्पर यांच्या मधली ती जागा त्याला दाखवा, संस्थेला चारही प्रश्न विचारा, आणि मग त्याला ठरवू द्या.